खोडरबर

पहिल्या दिवशी ती दारातच उभी राहिली,
बूट न काढता.
आईनं आक्रोडांची पिशवी माझ्या हातात दिली
(ही माझी फी)
आणि म्हणाली, "ओतिया, हिच्या डोक्यात काही शिरतच नाही."
ग्वांत्सा खिडकीबाहेर बघत होती,
जणू दुसऱ्याच कुणाच्या मुलीबद्दल बोलणं चाललंय.

मी काही मास्तर नव्हे.
एकतीस वर्षं रोपवेचा पाळणा चालवला,
चिआतुराच्या दरीवरून, नदीकाठापासून खाणीपर्यंत.
माणसं मोजायची, वजनाचा अंदाज घ्यायचा,
वारा बघायचा आणि दांडा ओढायचा.
तेवढंच माझं गणित.
पण गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं.
शिकवणारे तिबिलिसीला गेले, काही त्याहून लांब.

चुलीजवळ टेबल.
खिडकीच्या कट्ट्यावर मँगनीजची काळी धूळ, कितीही पुसा.
तिनं चौकटींची वही उघडली
आणि मला भोकं दिसली.
इतकं खोडलं होतं तिनं
की कागदानंच जीव सोडला होता.
एका ठिकाणी बरोबर उत्तर, अर्धवट पुसलेलं.
"हे का खोडलंस?"
"मी काढलेलं होतं ना, म्हणून."

मी हुशारी करायला गेलो.
म्हटलं, समीकरण म्हणजे एकाच दोरावरचे दोन पाळणे,
एक वर चढला की दुसरा –
"बाबुआ," ती म्हणाली, "तुमचे पाळणे केव्हाच बंद पडलेत.
गणितच सांगा."
मी उठून चहा ठेवला.

आमच्या भाषेत संख्या विसांनी चालतात.
सत्त्याण्णव म्हणजे चार विसा आणि सतरा.
फळ्यापाशी उभी असताना बाई मोठ्यानं आकडा सांगायच्या
आणि ती मधेच कुठेतरी हरवायची,
चारात की विसात की सतरात,
वर्ग हसेपर्यंत.
हे तिनं मला नोव्हेंबरात सांगितलं,
आक्रोड फोडता फोडता, वर न बघता.
म्हटलं, मग मोड की आकडा. ऐकू येतो तसाच मोड.
सत्त्याण्णव आणि अडतीस?
तिनं टरफलं सरकवली.
चार विसा, त्यात हा एक वीस.
सतरा आणि अठरा, पुन्हा एक वीस, वर पंधरा.
"सहा विसा आणि पंधरा," ती म्हणाली,
आणि मग हळूच,
"असं चालतं?"
कुणाच्या परसातून वाट काढताना विचारावं, तसं.

खोडरबर मी काढून घेतलं.
ड्रॉवरमध्ये ठेवलं, बायकोच्या चष्म्याशेजारी.
चुकलं तर राहू दे, म्हटलं, बाजूला नवं लिही.
त्या रात्री ती रडली, असं तिची आई म्हणाली.
मलाही झोप आली नाही.

जानेवारीत एकदा वीज गेली.
मेणबत्तीच्या उजेडात मी पायऱ्या लिहीत गेलो,
कंस सोडवला, पुढे निघालो –
"थांबा."
तिचं बोट माझ्या ओळीवर.
"बाहेरही उणे आहे, आतही उणे. इथे अधिक यायला हवं."
मी चष्मा पुसला. वाचलं. पुन्हा वाचलं.
ती माझ्या हाताकडे बघत होती.
ड्रॉवर गुडघ्याला लागत होता.
मी ती ओळ तशीच ठेवली आणि बाजूला लिहिलं:
अधिक.
पुढे कधीतरी तिनं विचारलं, मुद्दाम चुकलात ना?
नाही म्हटलं.
तिचा विश्वास बसला नाही.
बसू नये, असंही वाटलं थोडं.

मार्चमध्ये दहापैकी सहा.
आईला आठ हवे होते.
ग्वांत्सा धावत आली, टेबलावर पेपर पसरला,
"हे बघा, तिसऱ्या पायरीपर्यंत मी नीट होते,
इथे घसरले. आणि इथे बाई चुकल्यात,
अर्धा गुण माझा आहे, उद्या मागणार आहे मी."
बूट घालूनच आत आली होती,
फरशीभर काळी पावलं.
त्यावरून मी ओरडलो.
"हो, हो," म्हणाली, आणि पेन्सिल शोधू लागली.