नजरेच्या आड

बाबा परत आले तेव्हा मी साडेतीन वर्षांची.
खवण्याच्या खाडीवरची तर नुकतीच सुटलेली,
म्हणून हिरवी ट्रंक डोक्यावर घेऊन
गुडघाभर चिखलातून चालत आले,
असं आई सांगते.
ट्रंकेत माझ्यासाठी काहीच नव्हतं.

तिकडे कसा होता, कुणी विचारलं
की म्हणत, "हयसारख्याच."
एवढंच. मग विडी.

वायरीवर झुकलेला माड तोडायला
लाइनमन आला, त्या दिवशी बाबा
बुंध्याला पाठ लावून बसले.
"ह्यो नाय तोडूचो. माझ्या नावार आधीच सत्तावीस आसत."
लाइनमन गेला. दोन दिवस वाडीत दिवे नव्हते.
त्या अंधारात सांगितलं त्यांनी, मला नव्हे,
पडवीच्या खांबाला सांगावं तसं.

बेटावर माडच होते. रेताड माती.
अंगणात वाळत घातलेली मासळी,
राखणीला म्हातारी, हातात काठी,
कावळ्यांना शिव्या.
शब्द कळले नाहीत, चाल ओळखीची.

चौकी शाळेत होती.
बाकं रेतीच्या पोत्यांना टेकू म्हणून लावलेली,
पोरं वर्षभर घरी.
तरीही शिकली ती:
रुको. हाथ ऊपर. थैला खोलो. चलो.
आट्यापाट्या खेळाव्यात तशी नाका-नाका खेळायची,
एक फेंगडी पोरगी कायम सुभेदार.
लान्स नाईक रवळू धुरी, वय सव्वीस,
तिच्यासमोर दोनदा खिसे उलटे करून उभे राहिले
हसत.
तिसऱ्यांदा तिने नीट तपासलं. कोपरापासून मनगटापर्यंत,
आम्ही तिच्या आईला तपासायचो तसं.

मग समोर दोनशे यार्ड मोकळं हवं झालं.
हुकूम चुकीचा नव्हता, बाबा दोनदा म्हणाले,
त्याच बागेतून गोळी आली होती
आणि साताऱ्याकडचा एकजण जेवता जेवता गेला होता.
माड कोणाला तोडता येतात?
कोकणातल्याला.
कुठे घाव घातला की कुठे पडतो
हे त्यांना आजोबांनी शिकवलेलं,
घर वाचवायला.

म्हातारी पायरीवर बसून
बोटांच्या पेरांवर मोजत होती.
पेरं संपली, पुन्हा अंगठ्यापासून.
भरपाईचा कागद होता, इंग्रजीत.
तिने अंगठा दिला.
पैसे आले का, ठाऊक नाही; पलटण तोवर हलली.

आणि विहीर.
पस्तीस माणसं, दोन गाड्या, एक पंप.
समुद्राकाठी गोडं पाणी खाऱ्यावर
सायीसारखं धरलेलं असतं,
हे खवण्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत.
बाबांनी सांगितलं साहेबांना. साहेब चांगला होता.
म्हणाला, टँकर येईल.
टँकर आला. चौकीसाठी.

उजाडेस्तोवर बोलले, मग कधीच नाही.
खालच्या बाजूला त्यांनी रोपं लावली होती,
सत्तावीस लावली, एकोणीस जगली,
दोन गुरांनी खाल्ली, बाकीची का मेली कोण जाणे.
पहिला नारळ धरला त्या वर्षीच्या पुनवेला
सगळा गाव एकेक नारळ दर्याला देत होता
तेव्हा बाबांनी पोतं रिकामं केलं.
कुणी म्हणालं, रवळू, ह्यो दर्या थयसर जायत नाय.
"पाणी जाता," म्हणाले.
संध्याकाळी भरतीने अकरा परत आणून टाकले.
आईने त्यांची सोलकढी केली. मी प्यायले.

आता वैशाखात आमचीही विहीर खारावते,
वरच्या अंगाला रिसॉर्ट झालंय.
पहिला घोट बाबाच घेतात,
तोंडात घोळवून बघतात,
आणि गिळण्याआधी थांबतात जरा,
पायरीवर कोणी बसलंय
आणि तिने अजून मान हलवलेली नाही
असे.
मग म्हणतात, "तण्णी."
मी विचारलं होतं एकदा, म्हणजे काय?
म्हणाले, पाणी.
तिकडे शिकलेला हा त्यांचा एकच शब्द,
मागताना वापरायचा.
तेव्हा खांद्यावर बंदूक असायची.