पाठपोट

आर्द्रता बावन्न टक्के.
अकरा वर्षं माझं काम एवढंच:
हा आकडा पंचावन्नच्या वर जाऊ द्यायचा नाही.
बाहेर मुहर्रकच्या गल्लीत ऑगस्ट
ओल्या पंचासारखा तोंडावर बसतो,
आत एका देशाचं साहित्य
गारठून, गुमान पडलेलं.

ही इमारत आधी जकातीचं गोदाम होती.
मग मुलींची शाळा. मग काही वर्षं
फक्त मोडके पंखे आणि एक मांजर.
मग मंत्री आले, फीत कापली,
आणि ध्यानात आलं, आत ठेवायला पुस्तकं चौदा.
हे मला मुराद चौकीदारानं सांगितलं.
इतिहासाच्या फलकावर
फीत आहे, मांजर नाही.

तेव्हा लुलवाबाई घरोघर फिरल्या.
(लुलवा म्हणजे मोती, त्या स्वतःच सांगतात,
आणि वर हसतात: "पण जपानी.")
लोक म्हणत, कागद कुठले, बाई,
आमच्याकडे सगळं तोंडपाठ.
एका म्हातारीनं तासभर कविता म्हटली
आणि म्हणाली, झालं, न्या आता.
कशात नेणार?
आज त्या खोलीत एक खुर्ची आहे,
बटण दाबलं की आधी तिचा खोकला येतो.
तो कापून टाकायचं घाटत होतं.
लुलवाबाई अडून बसल्या.

कागद सापडले ते नंतर, एका पेटीत.
चाळीस. मोत्यांच्या गलबतावर
दोर ओढणाऱ्या बिलाल बिन सुरूरचे.
कागद महाग, म्हणून तांदळाच्या पेढीतल्या
रद्दीच्या पाठीवर लिहिलेले.
यादीत नोंद झाली:
"मागे अज्ञात लिपी. बहुधा नक्षी."

मी शिडीवर होतो, फिल्टर बदलत.
वरून नजर गेली
आणि शिडीवरच बसलो.
आधी आखलेली सलग रेघ,
तिला लोंबत, टाक न उचलता
धावत सुटलेली अक्षरं.
मोडी.
दापोलीला कोर्टाबाहेर आजोबा
चार आण्याला पान या दरानं जुनी खतं वाचून द्यायचे.
मला अडखळत येतं,
पण "बाकी येणे" कुणालाही वाचता येईल.

तांदूळ पटणी, गोणी सात.
सुंभ मण दोन.
बाकी येणे.
बाकी येणे.
आणि कोपऱ्यात, पातळ शाईत, हिशेबाबाहेर:
आजही घरचे पत्र नाही.

लुलवाबाईंनी कागद उलटा केला,
चष्मा कपाळावर नेला आणि पुढचं वाचलं,
मला समजेल अशा तोडक्या हिंदीत:
नीचे से झटका नहीं आया.
मैं रस्सी पकड़ के बैठा हूँ.

मग आम्ही दोघांनी चहा घेतला.
बोलण्यासारखं काही नव्हतं.

समितीत तासभर खल झाला.
काचेकडे कुठली बाजू?
संग्रहालय राष्ट्रीय, तेव्हा ते रास्तच,
बिलाल पुढे,
गुमास्ता भिंतीकडे तोंड करून,
शाळेत चुकलेल्या पोरासारखा.
पाटी मात्र बदलली:
"मागे मोडी लिपीतला हिशेब.
वाचन: द. नाचणकर, वातानुकूलन विभाग."
तिचा फोटो मी घरी पाठवला.
बायकोनं विचारलं, पगार वाढला का?

दमट हवेत जुनी शाई चालू लागते, म्हणतात.
मागची पुढे येते.
ती येऊ नये याचाच मला पगार.
गेल्या ईदच्या सुट्टीत कॉम्प्रेसर बसला,
दोन दिवस कुणाला पत्ता नाही.
उघडलं तेव्हा बिलालच्या दोराखाली
उलटं, आरशातल्यासारखं,
फिकट तपकिरी एक "येणे".
तज्ज्ञ येऊन गेले. डाग, म्हणाले. जाणार नाही.
मी मान हलवली.

आत्ता बावन्न.
त्रेपन्न.
उठायला हवं. उठतो.