मुदत

शुक्रवारी रात्री बारा वाजता
माझं नोटरीपण संपलं.
घरात कुणाला कळलं नाही.
मीच उठून पाणी प्यालो
आणि पिशवीतला शिक्का चाचपला,
झोपलेल्या पोराचा ताप बघावा तसा.

अर्ज वेळेत दिला होता,
फी भरून, पाच वर्षांची पत्रकं जोडून:
किती प्रतिज्ञापत्रं, किती खऱ्या नकला, किती मुखत्यारपत्रं.
एका बाईचा अंगठा तिचा दीरच धरून टेकवत होता,
तेव्हा मी शाईचा पॅड मिटून घेतला.
ते काम कुठल्या रकान्यात धरायचं
हे फॉर्ममध्ये नव्हतं.

सोमवारी अमळनेर कोर्टाच्या आवारात
निंबाखाली माझं टेबल तसंच.
पाटीवरच्या ‘नोटरी’ या शब्दावर रुमाल टाकून बसलो.
लोकांना वाटलं, घामाचा आहे, वाळत घातलाय.

अकराच्या सुमाराला उखर्डूआबा आले.
आधारवर उत्तम भिला धनगर,
सातबाऱ्यावर उखर्डू भिला.
‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे,’
एवढ्याच ओळीवर शिक्का हवा.
आधीची तीन गेली म्हणून आईनं
उकिरड्यावर लोळवून ठेवलेलं नाव,
मरणाला किळस यावी म्हणून.
उत्तम केलं ते मास्तरांनी, पटावर.
तेव्हापासून दोघं एकाच टोपीखाली नांदतात,
कधी भांडले नाहीत.

म्हटलं, आबा, माझी मुदत संपली.
त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
“चांगला ते दखाई राहिनात तुम्ही!”

बडगुजर वकिलाकडे धाडलं.
कान तिकडेच होते माझे,
वाचून दाखवतो की नुसताच ठोकतो.
दाखवलं. अक्षर न् अक्षर.
मला थोडं वाईटच वाटलं.

नोंदवहीत शेवटचा आकडा ६१४३.
पुढची ओळ रोज उघडून बघायचो.
शकील टायपिस्ट विचारायचा, आलं का?
मेच्या उन्हात कार्बन वितळत होता, आणि
नाही म्हणायलाही घसा ओला करावा लागे.

सत्तेचाळीस दिवसांनी टपाल आलं,
एका कोपऱ्याचा गोंद सुटलेलं.
पुढील पाच वर्षांकरिता.
मी अडुसष्टचा. बेरीज केली नाही.
रुमाल उचलला:
पाटीभर धूळ, झाकलेला शब्द तेवढा स्वच्छ.
कोऱ्या कागदावर शिक्का दाबून
उजेडात धरला. कडा उमटल्या होत्या.

६१४४.
समोरच्याला नाव विचारलं.
त्यानं सांगितलं,
मग जरा थांबून
दुसरंही सांगितलं.