रात्रपाळीची वही

वाचा, म्हणाल्या वकीलबाई.
अक्षर तुमचंच ना, मिस्टर ऑर्मरॉड?
माझंच.
तेव्हा हात कापत नसे, एवढाच फरक.

मी चष्मा पुसला. वाचलं:
‘४.१०. परतली. बूट ओले. झोपायला पाठवली.’
‘३.३५. परतली. खायला नको म्हणाली.’
‘५.००. परतली. हातात नवा फोन. विचारलं नाही.’

विचारलं नाही.
हे मीच लिहून ठेवलं होतं, निळ्या शाईत,
बॉयलर तपासला, मागचं दार लावलं,
त्याच ओळीत, त्याच हाताने.

चौकशी भरली होती जुन्या धान्यबाजाराच्या इमारतीत.
वर काचेच्या छतावर कबुतरांची पावलं,
खाली पाण्याच्या बाटल्या,
आणि दर चौथ्या खुर्चीवर रुमालांचा एक खोका,
म्हणजे कोण कुठे रडणार हेही कुणीतरी ठरवून ठेवलेलं.

काल पोलिसांनी सांगितलं, फाइल आलीच नाही.
परवा बालकल्याणवाल्यांनी सांगितलं, आम्ही पाठवली.
कागदी घोडं वाटेतच कुठेतरी बसलं असेल.
उरलेलं तळघरात होतं, तळघरात नदी शिरली.
माझी वही वाचली, कारण ती कुणी मागितलीच नव्हती.
इमारत पाडताना कपाटामागे सापडली.

दर पानाच्या तळाशी हॅलिवेलबाईंची हिरवी शाई: ‘पाहिलं.’
वकीलबाईंनी विचारलं, पाहिलं म्हणजे काय?
म्हटलं, पान पाहिलं, मॅडम.

मग त्यांनी एका बैठकीचं टिपण पडद्यावर लावलं.
‘सदर मुलीने ही जीवनशैली स्वतः निवडली आहे.’
चौदा वर्षांची होती.
मी तिला सकाळी सातला निवडताना पाहिलंय:
कॉर्नफ्लेक्स की टोस्ट.
दहा मिनिटं लागायची.
कधीकधी दोन्ही नको असायचं,
नुसतं खिडकीशी उभं राहायचं असायचं.

हे वहीत नाही.
तेव्हा माझी पाळी संपलेली असे.

तिचं नाव मी दोनशे अकरा वेळा लिहिलंय.
इथे ते घ्यायला बंदी आहे.
इथे ती एच-एकोणीस. बंदी योग्यच आहे.
पण जिभेवर नाव आणि तोंडात आकडा
घेऊन बसलो, तर घसा आवळून आला.
अध्यक्ष म्हणाले, पंधरा मिनिटं थांबू या.

चहाच्या पिंपाशी ती माझ्या शेजारी आली.
चाळिशीची बाई. पावसाळी कोट. नखं कुरतडलेली.
ओळखलं का, असं तिने विचारलं नाही.
मी कप भरला. म्हटलं, साखर?

तेवीस वर्षांत
मी तिला विचारलेला तो पहिला प्रश्न.

दोन, म्हणाली.
आणि चमचा ढवळत, माझ्याकडे न बघता,
हवेबद्दल बोलावं तशा आवाजात:
‘तुम्ही जागे असायचात ना.
ऑफिसात दिवा असायचा. तुम्ही घड्याळ बघून लिहायचात.
म्हणून मला वाटायचं,
मोठ्यांना सगळं ठाऊक आहे,
आणि हे असंच असतं.’

कप घेऊन गेली. साखर पुरली का, माहीत नाही.

परत आत गेल्यावर मी म्हटलं,
मला आणखी काही नोंदवायचंय.
लघुलेखिकेने बोटं उचलली.
वकीलबाई म्हणाल्या, सुटीतलं बोलणं कामकाजात येत नाही.

अहवाल वसंतात येईल म्हणतात. चार खंड.
हॅलिवेलबाई स्पेनमध्ये असतात, तब्येत प्रवासाला परवानगी देत नाही.
मी क्रमांक सत्तरच्या बसने घरी आलो.
बायको गेल्यापासून मी दिवा विझवून झोपायला शिकलो होतो.

आज शिकलेलं विसरलो.
चार दहा झाले. दार कुणी वाजवलं नाही.
तरी उठून पाहिलं:
पायपुसणं कोरडं होतं.