कापणीची उपासना

आमच्या पाच एकरांना तीन देवळांच्या घंटा ऐकू येतात.
बोरखेडीची साडेसातला,
टाकळीची दहाला,
आणि पाळकसाहेबांची फटफटी दुधनेच्या वाळूत रुतली नाही
तर रांजणवाडीची तीनला.
पाळक एकच. रविवार आमच्याकडं तुकड्यातुकड्यानं येतो.

टाकळीच्या घंटेवर इंग्रजी अक्षरं आहेत,
कुठल्याशा परगण्याचं नाव आणि साल.
लहानपणी मी ती बोटानं चाचपली होती
काकांच्या खांद्यावर उभी राहून.
काका म्हणाले होते, तिथंबी शेतंच असतील,
गव्हाची.
अन् बांधावरून भांडणंबी असतील.

रांजणवाडीची घंटा चोरीला गेली.
तिथं लिंबाला आता रुळाचा तुकडा टांगलाय.
खालचं वारं असलं की
मोसंबीत फक्त तोच पोचतो, जरा बेसूर.

पाचातले अडीच काकांचे.
अडीच, बाप गेल्यावर, माझ्या नावावर.
मोजणीवाल्यानं दगड हातभर सरकवला
त्याला अकरा वर्षं झाली.
त्या हातभर जागेत कुंद्याशिवाय काही उगवलं नाही.
काका बोलत नाहीत. मीही.

नोव्हेंबरात कापणीची उपासना.
वेदीपुढं मका, कापसाचं गाठोडं,
पाय बांधलेली सुवार्ताबाईंची तांबडी कोंबडी,
जी दरवर्षी प्रार्थनेत आमेनच्या आधी ओरडते.
मग बोली.
कोंबडी सुवार्ताबाईंनीच परत घेतली, दोनशे दहाला,
लळा लागला म्हणाल्या.

आश्रिताबाईंचा भोपळा, पाळकसाहेब म्हणाले,
पन्नास एक वार.
मागच्या बाकावरून आवाज आला, चारशे.
सगळ्या माना वळल्या.
शांतवनकाका उठले, खिसा चाचपला,
तीस रुपये कमी पडले, ते येसुदासकडून घेतले,
आणि भोपळा दोन्ही हातांवर घेतला
लेकरू बाप्तिस्म्याला न्यावं तसा.
माझ्याकडं पाहिलं नाही.

सोमवारी पलीकडून घारग्यांचा वास आला.
वासच आला.

यंदा मृग सरताना दगडाला वेटाळून
भोपळ्याचा वेल निघाला.
बी तिथं कसं पडलं ते मी विचारलं नाही.
एक शेंडा त्यांच्या तुरीत गेलाय,
दोन माझ्याकडं.

काल तीनला रूळ वाजला.
काका खुरपत बांधापर्यंत आले,
कुंदा मुळासकट काढला,
वेलाचं पान अलगद बाजूला धरून.
मग तसेच मागं फिरले.