पाचापैकी दोन

गुरुवारी रात्री नऊला मी दार उघडते.
दार म्हणजे एक निळी लिंक
आणि दिंडोरी रोडच्या घरात, मेरीच्या लिलावातून घेतलेल्या टेबलावर
डिक्शनरीला टेकवून ठेवलेला लॅपटॉप.
एकतीस वर्षं मी मातीचे नमुने चाळले,
पंचाहत्तर मायक्रॉनच्या चाळणीवर
काय उरलं तेवढं वहीत लिहिलं.
आता हे मंडळ. विज्ञानाची पुस्तकं, महिन्याला एक.

यादीत त्रेचाळीस नावं.
येतात नऊ. परीक्षा असल्या की सात.

देवळालीचे खैरनार सर,
ज्यांचा आवाज ओठांनंतर पोचतो,
म्हणून ते स्वतःला दूरचा तारा म्हणवतात.
सातपूरहून शिफ्ट संपवून सायमा अत्तार,
कपाळावर हेल्मेटचा वळ अजून ताजा.
डॉक्टर भालेराव पुस्तक दोनदा वाचतात
आणि दोन्ही वेळचं सांगतात.
कॉलेज रोडची रेवती मुळीच वाचत नाही,
प्रश्न मात्र तिचेच बरे.

आणि एक काळी चौकट.
नाव नाही, नुसतं 'रेडमी'.
दोन वर्षं, न बोलता, न चुकता.
मला वाटायचं, कुणाचा तरी फोन
चुकून चालू राहतो.

फेब्रुवारीत मी प्रश्नावली पाठवली.
आपण किती समाधानी आहात? एक ते पाच.
पाच. पाच. चार. पाच.
भालेरावांनी पाचापुढे उद्गारचिन्ह दिलं.
खैरनार सर: चहा मिळत नाही, एरवी उत्तम.
मग एक दोन आला.
दोनाखाली मजकूर:

"मी हौशीराम आहेर. पिंपळगावला
द्राक्षाच्या शीतगृहात रात्रपाळीला असतो.
आत रेंज नाही, म्हणून दारात उभा राहतो,
एक पाय थंडीत, एक बाहेर.
माइक लावला तर तुम्हाला कॉम्प्रेसरच ऐकू येईल.
दोन यासाठी, की जानेवारीत बर्फाचा धडा झाला,
सगळे म्हणाले पाणी शून्याला गोठतं, आणि पुढे गेले.
द्राक्ष शून्याला गोठत नाही, मॅडम.
त्याच्याही खाली जावं लागतं, जशी गोडी तसं.
वाटलं, कुणीतरी फळांचं विचारेल.
आणि दहाला पाच कमी असताना
तुम्ही 'छान चर्चा झाली' म्हणता,
तेव्हा माझा प्रश्न नुकताच तयार होत असतो.
समाधान झालं असतं तर येणं सोडलं असतं."

मी सरासरी काढून ठेवली होती, चार पूर्णांक तीन.
ती तशीच राहिली कागदावर, कुणी न उचललेल्या पावतीसारखी.
चाळणीतून जे खाली जातं
तेच पाणी धरून ठेवतं,
हे मला कोणी शिकवायला नको होतं.

पुढच्या गुरुवारी म्हटलं,
आहेर, माइक लावा. आवाज येऊ दे.

आला. घरघर, सलग, नऊ घरांत एकदम,
रेवतीच्या आईने बाहेरून विचारलं, फ्रीज बिघडला का गं?
त्या घरघरीतून आहेर बोलले, जरा मोठ्याने,
शेतात हाक मारतात तसे.
सायमाने विचारलं, मग आंबट द्राक्ष आधी गोठतं?
"हो ताई."
किती आधी?
बराच वेळ नुसता कॉम्प्रेसर.
"ते मोजलेलं नाही."

साडेदहा वाजले. छान चर्चा झाली
असं कुणी म्हणालं नाही.
खैरनार सरांचा "पण थांबा" ओठांनंतर पोचला
आणि पावणेअकरा झाले.

मार्चअखेर मी तोच प्रश्न पुन्हा पाठवला.
भालेराव चारावर उतरले, कारण दिलं नाही.
आहेरांचे तीन.
शेरा: "इथला थर्मामीटर भरवशाचा नाही."

कपाटाच्या खालच्या खणात, कापसात गुंडाळलेला
माझा जुना आहे, पाऱ्याचा,
अर्ध्या अंशाच्या रेघांचा.
काढून पुसला.
मग जुन्या सीबीएसला फोन करून विचारलं,
पिंपळगावची संध्याकाळची गाडी
किती वाजता सुटते.