टक्कर न झालेल्यांची नोंद

शहापूर, खडेबाजार. रात्रीचे पावणेतीन.
खाली बंद छापखाना, वर माळ्यावर माझी ड्यूटी:
सात हजार किलोमीटर लांब, जमिनीखाली,
शिशाची अणुकेंद्रं शिशाच्या अणुकेंद्रांवर सोडलेली,
आणि मी पडद्यावर बघायचं, यंत्र जागं आहे ना.

नेमगोंडामामांना झोप नाही. चहा घेऊन वर येतात.
"काय बघुलाईस एवढं? धडकली काय?"
नाही मामा. ही दोघं चुकली.
"मग?"

मग असं, की त्या वेगात
केंद्राभोवतीचं विजेचं क्षेत्र
लाटून लाटून पापड होतं,
आणि इतकं चपटं झालं की ते जवळजवळ उजेडच.
केंद्रं शिवत नाहीत. उजेड उजेडाला शिवतो.
तिथं, जिथं कुणी काही ठेवलं नव्हतं,
एक इलेक्ट्रॉन, एक पॉझिट्रॉन.
पाठीला पाठ, दोन रेघा.
बाकी पडदा कोरा.

मामा कोऱ्याकडेच बघत राहतात.
चाळीस वर्षं शिसं जुळवलं त्यांनी,
डाव्या केसमध्ये कन्नड, उजव्या केसमध्ये मराठी,
मध्ये हातभर फळी.
टाइप मिसळला की मालक पगार कापायचा.

सुरुवातीला आम्ही या नोंदी फेकून द्यायचो, मी सांगते.
धडक नाही म्हणजे कचरा.
आता त्याच हजारोंनी गोळा करतो, कोन मोजतो.
उजेडाचं कंपन वाटेल तिकडे नसतं, मामा;
पलीकडचं केंद्र ज्या बाजूनं गेलं
त्या रेषेला धरून असतं.
जोडी जन्मते ती ही दिशा घेऊनच.
आलेखाच्या वर्तुळात चार उंचवटे येतात,
आणि न भेटलेल्यांतलं अंतर
कुठल्या अंगाला होतं ते कळतं.

"कुणाचा उजेड कुणाला लागला?"
ते विचारायचं नाही.
दोन्हीकडून धरला तरच हिशेब लागतो.

मामा जिना उतरतात.
खाली खण ओढल्याचा आवाज.
वर येतात ते एक नापास प्रूफ घेऊन:
पाठपोट लग्नपत्रिका, सदलग्याची,
कागद पातळ निघाला म्हणून परत आलेली.
बल्बसमोर धरतात.
'शुभविवाह'च्या मागून 'मदुवे' वर येतं,
कुठली वेलांटी कुठल्या अंगाची, मला लागत नाही.
मामा मात्र मागचं, उलटं दिसणारं कन्नड
न अडखळता वाचतात,
मुहूर्त, मांडव, मुलीच्या मामाचं नाव.

शिशात अक्षर असंच असतं, म्हणतात. उलटं.
सवय आहे की.